पूर्वजांची पुण्याई खर्ची पडते का? ज्यू इतिहासातला एक जुना प्रश्न



एखादा माणूस अपघातातून थोडक्यात बचावला की आपल्या घरातली मोठी माणसे म्हणतात, "आईवडिलांची पुण्याई पाठीशी उभी राहिली." हे वाक्य इंदुरात ऐकू येते, बडोद्यात ऐकू येते, बेळगावात आणि हैदराबादेतही ऐकू येते. मराठी माणूस जिथे गेला तिथे ते त्याच्याबरोबर गेले. पण ही पुण्याई म्हणजे नेमके काय, ती किती पिढ्या पुरते, नातवाने उधळपट्टी केली तर संपते का, आणि ज्याचे पूर्वज वेगळे त्याला तिचा वाटा मिळतो का, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

जगात एक समाज असा आहे की ज्याने हे सगळे प्रश्न दोन हजार वर्षे विचारले, त्यावर कडाक्याचे वाद घातले आणि ते वाद जसेच्या तसे लिहून ठेवले. तो समाज म्हणजे ज्यू. त्यांच्याकडे या कल्पनेला 'जखुत आवोत' म्हणतात. 'आवोत' म्हणजे वाडवडील. 'जखुत' या हिब्रू शब्दाचा अर्थ पुण्य असा आहेच, पण हक्क असाही आहे, आणि न्यायासनासमोर आरोपीच्या बाजूने मांडलेला मुद्दा असाही आहे. म्हणजे पूर्वज केवळ आशीर्वाद देत नाहीत, ते वंशजाची बाजू लढवायला उभे राहतात.

मी पायदळात नोकरी केलेला माणूस आहे. मी धर्मपंडित नाही. माणूस कोंडीत सापडला, संख्या कमी, रसद कमी, वरून मदत येण्याची आशा नाही, अशा वेळी त्याला बळ कुठून मिळते, हा माझा आयुष्यभराचा कुतूहलाचा विषय. त्याच बाजूने आज आपण या कल्पनेकडे बघणार आहोत.

तीन पायांची बैठक

सुरुवात सिनाय पर्वतापासून करू. बायबलच्या 'निर्गम' या ग्रंथात कथा आहे. मोशे चाळीस दिवस डोंगरावर आहे. खाली लोकांचा धीर सुटतो आणि ते सोन्याचे वासरू करून त्याची पूजा करतात. देव संतापतो. या लोकांचा नाश करतो आणि तुझ्यापासून नवे राष्ट्र उभे करतो, असे तो मोशेला सांगतो. एखाद्या महत्त्वाकांक्षी पुढाऱ्याला याहून मोठी संधी कोणती? मोशे ती नाकारतो आणि लोकांची वकिली करतो. तो एकामागून एक मुद्दे मांडतो. या लोकांना तूच मिसरातून बाहेर काढलेस. आता त्यांना मारलेस तर मिसरी लोक काय म्हणतील? आणि शेवटी तो अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांची आठवण करून देतो.

तालमूदमधल्या पंडितांनी या प्रसंगावर बोट ठेवले. त्यांच्या मते मोशेने कितीही विनवण्या केल्या तरी उत्तर मिळाले नव्हते. तीन पूर्वजांची नावे घेतली आणि तत्काळ क्षमा मिळाली. तालमूदमध्येच मोशेच्या तोंडी एक मार्मिक युक्तिवाद घातला आहे. तुझ्या रागासमोर तीन पायांची बैठक टिकत नसेल, तर माझ्या एका पायावर उभी केलेली बैठक कशी टिकेल? तीन पाय म्हणजे तीन पूर्वज. मोशेसारखा माणूससुद्धा म्हणतो की माझ्या एकट्याच्या पुण्यावर राष्ट्र उभे राहणार नाही.

ही कल्पना पोथीत राहिली नाही. ज्यू माणूस दिवसातून तीन वेळा उभे राहून, यरुशलेमच्या दिशेने तोंड करून 'अमिदा' ही प्रार्थना म्हणतो. तिच्या पहिल्या भागाचे नावच 'आवोत' आहे. स्वतःसाठी काहीही मागण्याआधी पूर्वजांची ओळख सांगायची, असा क्रम आहे. तिथे अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव असा 'देव' शब्द तीनदा येतो. एकदा म्हटले असते तर चालले नसते का? यावर नंतरच्या काळातले एक प्रसिद्ध स्पष्टीकरण आहे. इसहाकाला देव वडिलांकडून आयता मिळाला नाही, त्याने तो स्वतः शोधला. याकोबानेही. म्हणून प्रत्येकाचा उल्लेख वेगळा. पुण्याईची शिदोरी मिळते, पण चालावे आपल्यालाच लागते, हे त्या तीन शब्दांत बसवले आहे.

बारा जणांची टेहळणी

आता माझ्या आवडीचा प्रसंग. 'गणना' या ग्रंथात टेहळणीची कथा आहे. मोशे कनान देशाची माहिती काढायला बारा जण पाठवतो, प्रत्येक वंशातून एक. त्यांना दिलेला हुकूम आजच्या टेहळणी पथकाला शोभेल असा आहे. जमीन कशी आहे, लोक थोडे की पुष्कळ, बलवान की दुबळे, नगरे उघडी की तटबंदीची, झाडे आहेत की नाहीत, सगळे बघून या. चाळीस दिवसांनी पथक परत येते. माहितीबद्दल बाराही जणांचे एकमत आहे, जमीन सुपीक आहे आणि नगरांना तट आहेत. मतभेद निष्कर्षात आहे. दहा जण म्हणतात, हे आपल्याला जमणार नाही. कालेब आणि यहोशवा हे दोघेच म्हणतात, जमेल.

ज्याने टेहळणीचे अहवाल वाचले आहेत त्याला हे लगेच पटेल. दोन गस्तीपथके एकच टेकडी बघून येतात आणि दोन वेगळ्या टेकड्या बघितल्यासारखा अहवाल देतात. फरक डोळ्यांत नसतो, छातीत असतो.

मग कालेबच्या छातीत हे बळ आले कुठून? मूळ ग्रंथात एक बारीकशी खूण आहे. पथक दक्षिणेकडून वर चढले असे सांगताना क्रियापद अनेकवचनी आहे, पण हेब्रोनला 'आला' असे एकवचनी. तालमूदमधले पंडित असल्या जागा सोडत नाहीत. ते म्हणतात, हेब्रोनला एकटा कालेब गेला. बाकीच्यांचा कट शिजत होता. यहोशवासाठी मोशेने आधीच प्रार्थना केली होती. कालेबच्या पाठीशी तसे कोणी नव्हते. म्हणून तो वाट वाकडी करून पूर्वजांच्या कबरींपाशी गेला, तिथे लोटांगण घातले आणि म्हणाला की माझ्यासाठी दया मागा, या कटातून मला वाचवा.

हेब्रोनलाच का? कारण तिथे मकपेलाची गुहा आहे. सारा वारली तेव्हा अब्राहामाने ती जागा एफ्रोन हित्ती याच्याकडून चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतली. एफ्रोन फुकट द्यायला तयार होता, पण अब्राहामाने पूर्ण किंमत मोजली. परंपरेनुसार अब्राहाम-सारा, इसहाक-रिबका आणि याकोब-लेआ यांच्या कबरी तिथे आहेत. हेरोद राजाच्या काळात बांधलेला दगडी कोट आजही त्या जागेभोवती उभा आहे.

कालेबने पूर्वजांकडे काय मागितले तेही बघा. विजय मागितला नाही. दहा जण एका सुरात बोलत असताना आपला आवाज बदलू नये, एवढेच मागितले. फौजेत मी पाहिलेले सर्वांत दुर्मीळ धैर्य तेच. शत्रूसमोर उभे राहणारे पुष्कळ भेटतात. आपल्याच लोकांसमोर एकटे उभे राहणारे थोडे.

इम्माऊसची पहाट

पुराणकथेतून आता इतिहासात येऊ. इसवी सनापूर्वी दुसरे शतक. यहुदिया हा प्रदेश सेल्युसिड या ग्रीक राजघराण्याच्या ताब्यात आहे. राजा अँटिओकस चौथा याने इ.स.पू. १६७ च्या सुमारास सुंता, शब्बाथ आणि तोरा यांवर बंदी घातली आणि यरुशलेमच्या मंदिरात परकी वेदी बसवली. मोदीन गावच्या मत्तथिया नावाच्या वृद्ध याजकाने बंड केले आणि पाच मुलांसह तो डोंगरात गेला. या लढ्याची हकिगत मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. गंमत अशी की ज्यूंनी हा ग्रंथ आपल्या पवित्र ग्रंथसंग्रहात घेतला नाही. त्याची मूळ हिब्रू प्रत हरवली आणि तो ग्रीक भाषांतरात टिकून राहिला.

मत्तथिया मरणशय्येवर मुलांना जवळ बोलावतो. त्याच्याजवळ वाटून द्यायला जमीन नाही, खजिना नाही. तो पूर्वजांची यादी सांगतो. अब्राहाम, योसेफ, फिनहास, यहोशवा, कालेब, दावीद, एलिया, दानिएल. प्रत्येकाच्या नावापुढे एकच गोष्ट जोडलेली, की परीक्षेच्या वेळी त्याने काय केले. कोणाचा मुलगा, कोणत्या कुळातला, याला त्या यादीत किंमत नाही. मृत्युपत्र म्हणून हे मला अजोड वाटते.

पुढे त्याचा मुलगा यहूदा मक्काबी सेनापती झाला. इ.स.पू. १६५ च्या सुमारास इम्माऊस इथे शत्रूची मोठी छावणी पडली. ग्रंथात शत्रूचे चाळीस हजार पायदळ आणि सात हजार घोडेस्वार दिले आहेत. हे आकडे फुगवलेले आहेत असे आजचे अभ्यासक मानतात, आणि एवढ्या फौजेच्या पाण्याचा आणि चाऱ्याचा हिशेब मांडला तर मलाही ते पटते. पण यहूदाकडची संख्या तीन हजार सांगितली आहे, आणि त्यांच्याजवळ पुरेशी चिलखते आणि तलवारीही नव्हत्या.

यहूदाने लढाईआधी मिस्पा इथे लोकांना जमवले. उपवास केला, तोरा उघडली. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर अंमलदार नेमले. लग्न ठरलेले, नवे घर बांधणारे, नवी बाग लावणारे आणि घाबरलेले, अशा सगळ्यांना तोरातल्या नियमाप्रमाणे घरी जाऊ दिले. संख्या कमी असताना माणसे परत पाठवायला किती आत्मविश्वास लागतो, याची कल्पना करा.

गोर्गियस नावाचा शत्रूचा सरदार पाच हजार पायदळ आणि एक हजार निवडक घोडेस्वार घेऊन रात्रीच निघाला. यहूदाच्या तळावर छापा घालण्याचा त्याचा बेत होता. यहूदाला बातमी लागली. त्याने तळ रिकामा केला आणि रातोरात उलट इम्माऊसच्या मुख्य छावणीकडे कूच केले. गोर्गियस रिकाम्या तळावर पोचला, लोक पळाले असे समजून डोंगर धुंडाळत बसला. पहाटे यहूदा छावणीसमोर उभा. समोर तटबंदी, चिलखतातले सैनिक, भोवती घोडदळ. आपल्या माणसांच्या तोंडचे पाणी पळालेले त्याने पाहिले. तेव्हा तो त्यांना पूर्वजांची आठवण देतो. तांबड्या समुद्रापाशी फारोची फौज पाठीवर असताना ते कसे वाचले ते आठवा, आणि पूर्वजांशी केलेला करार देवाला आठवावा म्हणून हाक मारा. मग कर्णे वाजले आणि हल्ला झाला. छावणी फुटली.

पण खरी कसोटी त्यानंतर होती. समोर सोने-चांदी पडलेले आणि गोर्गियस अजून डोंगरात. यहूदाने लुटीला मनाई केली आणि माणसांना रांगेत उभे ठेवले. गोर्गियसच्या लोकांनी वरून आपली छावणी जळताना पाहिली, खाली सज्ज उभी फौज पाहिली आणि ते न लढताच निघून गेले. पुढच्या वर्षी, इ.स.पू. १६४ मध्ये, यरुशलेमचे मंदिर शुद्ध झाले. हनुक्काचा सण त्याचाच.

आता मला सांगा, इम्माऊसला कोण जिंकले? पूर्वजांची पुण्याई, की रात्रीचे कूच? यहूदाला हा प्रश्नच कळला नसता. त्याने गुप्त बातमी मिळवली, तळ हलवला, लूट रोखली. सेनापतीचे एकही काम त्याने पूर्वजांवर सोडले नाही. पूर्वजांनी केले ते एवढेच, की तीन हजार भेदरलेल्या माणसांचे पाय जागच्या जागी रोवून धरले. लढाईत तेवढे झाले की पुष्कळ झाले.

शिल्लक संपली का?

आता दुसरी बाजू. आपल्याकडे म्हण आहे, आजोबांनी तूप खाल्ले, माझ्या हाताचा वास घ्या. पूर्वजांच्या पुण्याईवर बसून खाणारे सगळ्याच समाजांत असतात आणि ज्यू धर्मग्रंथांनी त्यांना फार आधीच ओळखले होते. यहेज्केल हा संदेष्टा बाबेलच्या हद्दपारीत होता. त्याच्या काळात लोक म्हणायचे की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मात्र आमचे आंबले. यहेज्केलने ही म्हण बंद करा असे सांगितले. बापाचे पाप मुलावर नाही आणि बापाचे पुण्यही मुलाला वाचवणार नाही. ज्याचे कर्म त्याचे.

तालमूदकारांनी हा ताण मिटवून टाकला नाही, उघड्यावर मांडला. पूर्वजांचे पुण्य कधी संपले, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला. चार पंडितांनी चार काळ सांगितले. कोणी होशेय संदेष्ट्याचा, कोणी अरामी राजा हजाएलचा, कोणी एलियाचा, कोणी हिज्कीया राजाचा. कोणताही घ्या, तो तालमूदच्या कितीतरी शतके आधीचा. म्हणजे या पंडितांच्या हिशेबाने खाते केव्हाच रिकामे झाले होते.

मग दिवसातून तीन वेळा पूर्वजांची नावे घेण्याला अर्थ काय? याचे एक उत्तर बाराव्या शतकात फ्रान्समध्ये मिळाले. शँपेन प्रांतातले रब्बी याकोब बेन मेईर, ज्यांना 'रब्बेनू ताम' म्हणतात. प्रख्यात भाष्यकार राशी यांचे ते नातू. ते म्हणाले, पूर्वजांचे पुण्य संपले असेल, पण पूर्वजांशी झालेला करार संपलेला नाही. पुण्य ही शिल्लक आहे, ती खर्ची पडते. करार हे नाते आहे, ते खर्ची पडत नाही. 'लेवीय' या ग्रंथात हद्दपारीच्या भयंकर शिक्षा सांगून झाल्यावर याच कराराची आठवण येते, हा त्यांचा आधार. त्यांचा भाचा रब्बी इसहाक याने वेगळा तोडगा काढला. दुर्जनांसाठी पुण्य संपले, सज्जनांसाठी नाही.

हे पंडित उबदार खोलीत बसून शब्दच्छल करत नव्हते. १०९६ च्या मे महिन्यात पहिल्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या झुंडींनी ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्झ या गावांतल्या ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. सक्तीचा बाप्तिस्मा घेण्यापेक्षा असंख्य कुटुंबांनी मरण पत्करले. त्या काळच्या हिब्रू बखरींत या मृत्यूंची तुलना अब्राहामाने इसहाकाला वेदीवर बांधले त्या प्रसंगाशी केलेली आहे. इसहाक शेवटच्या क्षणी वाचला होता, हे वाचले नाहीत. पुढच्या पिढ्यांनी या हुतात्म्यांची नावे स्मरणवह्यांत लिहून प्रार्थनेत वाचायला सुरुवात केली. म्हणजे पूर्वजांची यादी अब्राहामावर बंद झाली नाही. ती वाढत राहिली, आणि तिच्यात सामान्य माणसांची भर पडली.

दुसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळी, ११४७ मध्ये, खुद्द रब्बेनू ताम यांच्या घरावर हल्ला झाला. घर लुटले, तोराची गुंडाळी फाडली, त्यांना शेतात ओढत नेऊन डोक्यावर पाच जखमा केल्या. वाटेने जाणाऱ्या एका सरदाराला घोडा देण्याचे कबूल केले म्हणून जीव वाचला. करार तुटलेला नाही, हे वाक्य अशा काळात जगलेल्या माणसाचे आहे.

ओबद्याचा प्रश्न

आता सर्वांत अवघड प्रश्न. ज्याचे पूर्वज वेगळे, त्याने काय करायचे? त्याच बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका गृहस्थाने ज्यू धर्म स्वीकारला. प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे शब्द येतात. अब्राहाम माझा पूर्वज नाही, तर मी हे म्हणू का, असे त्याने इजिप्तमध्ये राहणाऱ्या मैमोनिडिस यांना विचारले. मिश्ना या जुन्या संहितेत तर स्पष्ट लिहिले होते की धर्मांतरिताने हे शब्द बदलावेत.

मैमोनिडिस यांनी उत्तर पाठवले, एकही शब्द बदलू नकोस. अब्राहामाने लोकांना सत्य शिकवले आणि जो ते शिकला तो त्याच्या घरचा झाला. म्हणून अब्राहाम तुझाही पिता आहे. शिवाय त्यांनी असेही सांगितले की आपला वंश कमी समजू नकोस. आमचा वंश अब्राहामापर्यंत जातो, तुझा थेट जग निर्माण करणाऱ्यापर्यंत.

हे वाचताना मला पलटणीतली कसम परेड आठवते. पोरगा वेगळ्या जिल्ह्यातला, घरात कोणी फौजेत नाही, पलटणीचे नावही वर्षापूर्वी ऐकलेले नाही. शपथ घेतो आणि त्या क्षणी पलटणीने शंभर वर्षांत मिळवलेले सगळे रणसन्मान त्याचे होतात. रेझिंग डेला तो 'आम्ही' म्हणतो. 'आम्ही' अमुक टेकडी घेतली, जरी ती घेतली तेव्हा त्याचे आजोबा रांगत होते. रक्ताचा संबंध नाही, पण वारसा खोटा नाही. आणि त्याच पलटणीत दुसरा नियमही तितकाच पक्का. जुन्या रणसन्मानांच्या जोरावर फायरिंग रेंजवर कोणालाही एक गुणही जास्त मिळत नाही. मैमोनिडिस आणि यहेज्केल, दोघेही बरोबर.

कोकणातले वारसदार

या गोष्टीचा एक धागा आपल्या कोकणात येतो. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढच्या पिढ्या तेल गाळू लागल्या, मराठी बोलू लागल्या, किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर झाल्या. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू विसरली, पण शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही एका देवाची घोषणा टिकली. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा टिकला. ग्रंथ नाही, पंडित नाही, मंदिर नाही, फक्त 'आमचे पूर्वज असे करत' एवढ्या आधारावर शतकानुशतके काढली.

सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, हे कंपनी सरकारच्या फौजेतले देशी अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटल्यास प्रार्थनास्थळ बांधीन असा त्यांनी नवस केला, अशी आठवण समाजात सांगतात. १७९६ साली मुंबईत त्यांनी बांधलेले सिनेगॉग हे शहरातले पहिले. त्याचे नाव 'शार हारहमीम', दयेचे द्वार. पुढे एकोणिसाव्या शतकात या समाजाने अब्राहाम आणि योसेफ यांची चरित्रे मराठी कीर्तनातून सांगितली. पूर्वज कनानचे आणि कीर्तन आपल्या ओव्या-अभंगांच्या वळणाचे.

नियतीचा खेळ बघा. इस्राएल देश झाल्यावर यांतले बहुतेक तिकडे गेले आणि तिथे त्यांच्या पूर्वजांवरच प्रश्न उभा राहिला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली की बेने इस्राएल माणसाचा इतर ज्यूंशी विवाह लावण्याआधी त्याच्या मागच्या पिढ्यांची जमेल तितकी चौकशी करावी. ज्यांनी केवळ पूर्वजांच्या आठवणीवर धर्म जिवंत ठेवला, त्यांच्याकडे पूर्वजांचे दाखले मागितले गेले. ते गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला. त्या ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाने सूचनेतून समाजाचे नाव काढले. पूर्वजांचे नाव बळ देते आणि तेच नाव दुसऱ्याच्या हातात गेले तर दारावरची कडीही होते, हे दोन्ही या एका समाजाने भोगले आहे.

वेल आणि लाकूड

मिद्राश या कथासंग्रहात एक उपमा आहे. द्राक्षाचा वेल हिरवा, जिवंत असतो, पण तो चढतो वाळलेल्या लाकडावर. तसे हे लोक जिवंत आहेत आणि आपल्या मृत पूर्वजांना टेकून उभे आहेत. नाशिककडच्या किंवा सांगलीकडच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. लाकूड काढले तर वेल जमिनीवर पसरतो. पण नुसत्या लाकडाला घड लागत नाहीत.

याच ज्यू परंपरेत उलटा प्रवाहही आहे. आईवडील वारल्यावर मुलगा अकरा महिने 'कद्दीश' म्हणतो, आणि पुढे दरवर्षी तिथीला. दहा जण जमल्याशिवाय ते म्हणता येत नाही. त्यात मृताचा उल्लेखच नाही, फक्त देवाची स्तुती आहे. मुलाने उभे राहून चारचौघांत हे म्हणणे, हेच वडिलांच्या खात्यावर जमा होते. तालमूद तर म्हणते, मुलगा बापाला पुण्य मिळवून देतो, बाप मुलाला नाही. आपल्या श्राद्धकर्माजवळ जाणारा हा विचार आहे.

आणि शिल्लक खरोखरच संपली असे वाटले तर? त्याचेही उत्तर मिद्राशमध्ये आहे. पूर्वपुरुषांची पुण्याई ढासळली, सारा, रिबका, राहेल, लेआ या मातांची पुण्याईही डळमळली असे दिसले, तर माणसांवर दया करण्याच्या कामाला लागा. म्हणजे स्वतःच पुढच्यांसाठी लाकूड व्हा.

आपल्या घरांतही पूर्वजांच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यांत इनाम किती होते, वाडा केवढा होता, हेच जास्त असते. मत्तथियाची यादी डोळ्यांसमोर ठेवून एकदा सांगून बघा. दुष्काळात कोणी कोणाला धान्य दिले, प्लेगात कोण मागे थांबले, कोणत्या आजीने दागिने मोडून कोणाचे शिक्षण केले. अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घरात निघते. ती ज्या नातवाने ऐकली आहे, त्याला उद्या दहा जणांच्या विरोधात एकट्याने बोलायची वेळ आली, तर वाट वाकडी करून जायला एक हेब्रोन असेल.

आज इथेच थांबतो. जय हिंद.